तसबिरीमागची चिठ्ठी

साकीनाक्याच्या त्या औषध कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे, आणि पासवर्डची चिठ्ठी गणपतीच्या तसबिरीमागे असे. विसरलं की तसबीर कलती करायची, वाचायचं, हात जोडायचे, कामाला लागायचं.

चौऱ्याऐंशी साली नोकरीला लागलेल्या अनुपमा गवसला हे पाहून घामच फुटला.

"साहेब, ती चिठ्ठी काढा ना."

"देवाच्या मागे कोण हात घालणार?" मॅनेजर श्यामसुंदर साहेब हसले. "आणि तू कोकणातली. गणपतीवर भरवसा नाही तुझा?"

तिने दोन पानं टाइप करून दिली. मशीनमध्ये औषधांच्या कृती आहेत, उद्या बाहेर गेल्या तर कुणी नेल्या ते कळणार नाही. खाली सही केली.

सहा महिन्यांनी खोकल्याच्या औषधाची कृती दुसऱ्या कंपनीकडे निघाली. साहेबांनी तीच दोन पानं बाहेर काढली. "चोरीची वाट हिला आधीच ठाऊक होती!"

गेटावर वॉचमनने तिची पर्स टेबलावर उपडी केली. कंगवा, पास, डबा, नॅपकिनची पुडी. सगळ्यांनी पाहिलं. काही निघालं नाही. तरी राजीनामा लिहून घेतला.

कांदिवलीला वडील, काशीराम, गिरणीच्या संपापासून घरीच होते. "तीस वर्षं गेटावर झडती दिली मी. रोज हात वर. वाटलं, पोरगी शिकली..." उठून ते बंद पंख्याची पाती पुसू लागले. महिनाभरात तिचं ठरत आलेलं लग्नही फिसकटलं.

ती क्लासमध्ये शिकवू लागली. दुपारच्या मोकळ्या वेळात लिहीत गेली. अठ्ठ्याऐंशीत 'कॉम्प्युटरचं कुलूप' हे पुस्तक छापलं. ऑफिसं तिला बोलावू लागली, पेपरात तिला 'तज्ज्ञ' म्हटलं. मुलगी पाहायला येणाऱ्यांना त्या शब्दाचा काही उपयोग नव्हता.

एक दिवस श्यामसुंदर साहेब पुस्तक घेऊन दारात.

"आमच्याकडे भाषण द्यायला या, मॅडम."

"येते. पण मी चोरी केली नव्हती, एवढं पत्र द्या."

"अहो, जुनं कशाला उकरता?" त्यांनी काशीरामांकडे पाहिलं. म्हातारा एकटक बघत होता. "बरं. आलात की हातात ठेवतो."

ठरल्या दिवशी ती गेटावर पोचली. वॉचमन तोच, भाऊराव. वही उघडून तो ओशाळला.

"बाई, झडतीच्या यादीत नाव आहे तुमचं. कुणी खोडलंच नाही."

"पत्र ठेवलंय का माझ्यासाठी?"

त्याने आत फोन लावला. "साहेब म्हणतात, पत्राचं नंतर बघू. आधी भाषण होऊ दे."

तिने स्वतःच पर्स उपडी केली. भाऊरावने त्यातलं तिचं पुस्तक उचललं, उलटं धरून झटकलं. काही पडलं नाही.

"काही सापडलं नाही ना? तेवढं लिहून दे, भाऊराव. सहीनिशी."

"लिहायचा हुकूम नाही, बाई."

तिने कंगवा, पास, डबा एकेक करून पर्समध्ये भरले. पुस्तक टेबलावरच ठेवलं आणि आली तशी परत फिरली. घरी काशीराम चष्मा पुसून पत्र वाचायला बसले होते.