अंगठा वर गेला तेव्हा

माझा मोठा भाऊ मोर्शीजवळ संत्र्याची बाग सांभाळतो. मी अकोल्यात, जठारपेठेत राहतो आणि एका शाळेत भूगोल शिकवतो. दादाची चाल बदलली आहे हे सगळ्यात आधी वहिनीच्या लक्षात आलं. नवीन चप्पल घेतली की थोड्याच दिवसांत तिची टोकं झिजून जायची, टाचा मात्र कोऱ्याच्या कोऱ्या. मग तो बागेत पडायला लागला. झाडाच्या आळ्यावरून पाय टाकायचा म्हटलं की पाय लाकडासारखा ताठ व्हायचा आणि पाऊल पुढे अडकायचं. गावात कुणीतरी बोललं की हा आजकाल दुपारपासूनच घेऊन असतो. दादा सुपारीसुद्धा खात नाही. ते कानावर आल्यापासून त्यानं चौकात बसणं सोडलं.

गावाकडच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. मग मालिश झाली, परतवाड्याहून कुणाचं तरी तेल आलं. वर्ष असंच गेलं. शेवटी वहिनीनं मला फोन केला आणि मी दादाला अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या बाई होत्या. फार बोलत नव्हत्या. त्यांनी दादाला खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं आणि मग टेबलावर बसवलं. रबरी हातोडीनं गुडघ्याखाली हलकेच ठोकलं, तर पाय असा उसळला की समोरचं स्टूल कलंडलं. दादा हसला. म्हणाला, "पायात दम हाये न अजून, मॅडम." बाई हसल्या नाहीत. स्टूल मी उचलून ठेवलं.

त्यांनी त्याचं पाऊल हातात धरलं आणि एकदम वरच्या बाजूला रेटलं. पाऊल थडथडायला लागलं. शिलाई मशीनची सुई चालावी तसं वरखाली, वरखाली. त्या हात काढेपर्यंत ते थांबलं नाही. दादा स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा पाय असल्यासारखा बघत होता. मग त्याला आडवं करून त्यांनी हातोडीच्या दांड्याचं टोक तळपायाच्या बाहेरच्या कडेनं टाचेपासून वर ओढलं आणि करंगळीखालून आत वळवलं. अंगठा सावकाश वर उठला. बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. दुसऱ्या पायाचंही तेच झालं. बाईंनी पुन्हा एकदा करून पाहिलं.

काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, की तान्ह्या बाळाचा अंगठा असा वर जातो. मूल चालायला लागलं की तो खाली वळायला शिकतो. मोठ्या माणसाचा वर गेला तर मेंदूकडून पायाकडे येणाऱ्या वाटेत कुठेतरी बिघाड असतो. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं चालत होतं का?

आमचे बाबा शेवटची कितीतरी वर्षं काठीवर होते. त्यांची बहीण, आमची आत्या, भिंत धरून चालायची. घरात सगळे त्याला वात म्हणायचे आणि वात कुणाला होत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पाठीच्या मणक्याचा आणि डोक्याचा एमआरआय झाला. रिपोर्ट स्वच्छ आला. गाठ नाही, नस दबलेली नाही. खाली टपरीवर दादानं मला चहा पाजला, वहिनीला फोन करून सांगितलं की काही निघालं नाही. मलाही मोकळं वाटत होतं. रिपोर्ट घेऊन वर गेलो तर बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि बाजूला ठेवला. काही दबलेलं असतं तर ते काढता आलं असतं, म्हणाल्या. हे घराण्यातून आलेलं दिसतं. पाय हळूहळू ताठत जातील. यावर औषध नाही, व्यायाम आहे, ताठपणा कमी करायच्या गोळ्या आहेत. नक्की काय ते रक्ताच्या तपासणीतून कळेल.

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही सख्खे भाऊ ना? चपला काढा, झोपा जरा."

मला काही होत नाही, मी रोज शाळेचे तीन मजले चढतो, असं काहीसं मी सांगत होतो. सांगता सांगताच आडवा झालो. गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडाला, तो मला जाणवला. मग तळपायावरून टोक फिरलं. झोपलेल्या माणसाला आपला अंगठा दिसत नाही. मी वरच्या पंख्याकडे बघत होतो, मग नजर खाली आणली तर पायथ्याशी दादा उभा होता. त्याच्या तोंडावरून मला सगळं कळलं.

तो घाईघाईनं बाईंना म्हणाला, "याले काई नाई, मॅडम. याले लहानपणापासून गुदगुल्या लय होतात."

बाईंनी मान हलवली. तळपायाला हात न लावता त्यांनी माझ्या नडगीवरून आपल्या हाताचा अंगठा दाबत खाली नेला. या वेळी मी मान उचलून पाहिलं. माझ्या पायाचा अंगठा, मी न सांगता, सावकाश वर आला.

स्टँडवर आम्ही बराच वेळ बसलो. मोर्शीची एक गाडी गेली, दादा उठला नाही. बाबांनी हे आपल्याला दिलं, असं मी म्हणालो असेन. तो म्हणाला, "त्याईले तरी कुठं माईत होतं?"

याला आता काही वर्षं झाली. रक्ताच्या तपासणीनं बाईंचंच म्हणणं खरं ठरवलं. दादा वॉकर घेऊन बांधापर्यंत जातो, बाग आता वहिनी आणि पुतण्या बघतात. माझं अजून निभतं, फक्त जिना उतरताना मी कठडा धरतो. वर्गात मुलांसमोर फळ्याकडे वळताना आधी पाय कुठे आहे ते बघून घेतो.

मुलगी सातवीत आहे, खो-खो खेळते. प्रत्येक मुलात हे उतरायची शक्यता निम्मी, असं बाईंनी सांगितलं होतं, आणि लहान मुलांची तपासणी उगाच करू नका, मोठी झाली की त्यांचं त्यांना ठरवू द्या, असंही. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. पण घरात भिंतींपलीकडून ऐकू येतंच. परवा दुपारी मी पलंगावर पेपर तपासत बसलो होतो. ती आली, समोर बसली आणि तिनं बूट-मोजा काढून पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"माझा पाहा न, बाबा."

पेन माझ्या हातातच होता. तळपाय बुटात गेलेल्या मैदानातल्या मातीनं काळा झाला होता. मी तिला म्हटलं की ते डॉक्टरांचं काम आहे, तू मोठी झालीस की आपण बोलू. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पाय काढून घेतला, मोजा चढवला, बुटाची लेस बांधली आणि खेळायला गेली. जिन्यावरून ती दोन दोन पायऱ्या उतरत होती. शेवटच्या पायरीपर्यंत मी ऐकत बसलो.