मोहोर, बाबा आणि माझं तोंड

रत्नागिरीत विद्यापीठाचा संवादकौशल्याचा कोर्स केला. नोट्स कुठे गेल्या माहीत नाही, किस्से मात्र वाढतच चाललेत. एक सांगायला बसावं, तर मागून तिघे दारात उभे!

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "कोर्सला का आलीस?"

मी खरं सांगितलं. "बाबांशी भांडण जिंकायला!"

आमची पावसला आंब्याची बाग. झाडं मोहोरली की बाबा बाग दरवर्षी ठोक रकमेला व्यापाऱ्याला देऊन टाकतात. पुढे आंबा त्याचा, पेटी त्याची, नावही त्याचंच. मी शेतीची पदवी घेतलेली. यंदा बाग मलाच करायची होती.

"मग बाबांचं म्हणणं काय?"

"काय माहीत! मी बोलू देते कुठे?"

सगळा वर्ग हसला. का, ते मला कळलंच नाही.

*

वर्गात माझे जोडीदार कदमकाका. देवरूखचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सुनेने परस्पर फॉर्म भरलेला! नियम असा की तीन मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प ऐकायचं. मी सुरुवात केली. एक शब्द आठवेना म्हणून जरा थांबले.

काका ओरडले, "पुढे चला, पुढे चला!"

*

मग काकांची पाळी. तीन मिनिटांनी मॅडम मला म्हणाल्या, "आता काका काय बोलले ते सांग."

मी तावातावाने म्हातारी माणसं कुठे चुकतात ते सांगितलं.

"हे तुझं उत्तर झालं. काका काय बोलले?"

काका समजुतीने म्हणाले, "असू दे मॅडम. अगदी घरच्यासारखं वाटलं!"

*

चिडून घरी प्रयोग केला. रविवारी दुपारी बाबांसमोर बसले आणि दहा मिनिटं एक शब्द बोलले नाही. बाबा बागेवर बोलता बोलता अडखळले, थांबले, आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"काय गो, ताप आलाय काय?"

आईने गोळी आणलीसुद्धा!

*

प्रयोगाच्या तिसऱ्या रविवारी मात्र बाबा मनातलं बोलले. "एका रात्रीत मोहोर गळतो. व्यापाऱ्याचं नुकसान झालं तर तो दुसरी बाग बघेल. पहिल्याच वर्षी तुझं झालं तर?"

"म्हणजे काळजी आंब्याची नाही, माझी?"

"चार वर्षं हेच सांगतोय! तू अर्ध्या वाक्यात उठून जातेस!"

मग मी फवारणीपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळा प्लॅन मांडला. बाबांनी न उठता ऐकला आणि म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'!

*

आणि मग व्यापारी आला. पडवीत बसून त्याने भाव पाडायला नेहमीचं सुरू केलं. "यंदा मोहोर विरळ आहे हो." एरवी पहिल्याच वाक्याला मी उसळले असते. आज ऐकत बसले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याला जोर चढला.

"तुडतुड्याची कीडही दिसतेय."

मी ऐकतेय.

"फळ धरेल असं वाटत नाही. धरलंच तर डागी निघेल. मुंबईत उठावही नाही. खरं सांगू? ही बाग म्हणजे निव्वळ डोकेदुखी! आपले जुने संबंध, म्हणून घेतो झालं."

बाबांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"छे छे शेठ, जुने संबंध आहेत म्हणूनच सांगतो. असली बाग तुमच्या गळ्यात कशी मारू? राहू दे आमच्या पोरीकडेच."