भोपळ्याची पहिली चीर

ऐका, आणि मध्ये बोलू नका. मध्येच कुणी "जाऊ द्या हो" म्हणालं की मी गप्प बसेन, आणि गप्प बसण्याचीच तर ही सगळी गोष्ट आहे. ह्यांना सांगितलं नाही, ते गेले. सासूबाईंना सांगितलं नाही, त्याही गेल्या. देवापुढे रोज हात जोडते, त्यालासुद्धा तोंड उघडून कधी सांगितलं नाही. त्याला ठाऊक असेल, तर असो.

सुरुवात भोपळ्यापासून करते. हसू नका!

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लाल भोपळा आला, की बाईने तो चिरायचा नाही. अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, त्याच्यावर बाईने विळी कशी चालवायची? पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग पुढचं आम्ही बघायचं. सालं काढणं आमचं, किसणं आमचं, चुलीपुढे घाम गाळणं आमचं. आमच्या घरातले पुरुष पाण्याचा तांब्या हाताने उचलत नसत, पण भोपळ्याला मात्र त्यांचाच हात हवा! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण थांबा — माझा राग रीतीवर आहे असं समजू नका. रीतीवर चिडणं सोपं असतं.

तो भोपळा पाणीगेटकडून येणाऱ्या गुजराती भाजीवालीचा. "बेन, साकर जेवुं छे," म्हणून तिने गळ्यात मारला. खरंच गोड निघाला, मेला. आठवडाभर कोपऱ्यात पडून होता. रोज सकाळी मी ह्यांना म्हणायची, "तेवढी चीर द्या ना", आणि रोज कचेरीची घाई. मला घारगे खायचे होते. दुसरं काही कारण नव्हतं हो. डोहाळे नव्हते, पाहुणे नव्हते, सण नव्हता. जिभेला पाणी सुटलं होतं, बस्स.

दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी विळी घेतली आणि चिरला.

दुर्गावन्सं तेवढ्यात आत आल्या. ह्यांची धाकटी बहीण. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच कुंकू पुसून माहेरी परत आलेली पोर. तिने फोडी पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "वहिनी, काय तुमची जीभ हो!" म्हणाली. मग माझ्याशेजारी बसून किसायला लागली. कीस तुपावर परतला, गूळ विरघळवला, मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाची पिठी घातली, वर वेलदोडा. मी थापत होते, ती तळत होती आणि बोलत होती. कशाबद्दल? दुसऱ्या कशाबद्दल बोलणार? महिनाभराने ती बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जायची होती. आमच्या संस्थानात, महाराज सरकारांच्या राज्यात, विधवा बायका मास्तरणी होऊन मानाने राहत होत्या, आम्ही रोज बघत होतो. मामंजींना — म्हणजे माझ्या सासऱ्यांना — राजी करायला त्या मुलीला दोन वर्षं लागली होती. घारगा उलटताना तिचे डोळे कसे चमकत होते, ते मला अजून दिसतं.

सगळ्यांनी घारगे खाल्ले, वाखाणले. सासूबाईंना वाटलं, सकाळी मुलानेच चीर दिली असेल.

आणि मग बापूला ताप भरला. माझा थोरला, चार वर्षांचा. उतरेचना! सासूबाईंनी ह्यांना विचारलं, भोपळा तू चिरलास ना? हे म्हणाले, नाही बुवा. झालं. सासूबाई वळल्या त्या थेट दुर्गाकडे. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मुलाची आई असं कशाला करेल? करणार तर विधवाच करणार ना!

"मी नाही चिरला," दुर्गा म्हणाली. एकदाच.

"मग कुणी?"

त्यावर ती बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर कदाचित मी — नाही, खोटं कशाला बोलू? बघितलं असतं तरी मी बोलले नसते. बापूच्या कपाळावर ओली पट्टी धरून मी तिथेच बसले होते, तोंडात मिठाची गुळणी धरून.

मामंजी म्हणाले, कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीच घरची रीत सोडली, तर पुढे काय काय सोडेल? झालं, संपलं कॉलेज.

तुम्ही म्हणाल, पोर आजारी, आईचा जीव थाऱ्यावर नव्हता, घाबरली असेल. घाबरलेच होते. पण बापू बरा झाला ना! डॉक्टरच्या औषधाने खडखडीत बरा होऊन अंगणात पळायला लागला. कॉलेज सुरू व्हायला तेव्हा अजून अवकाश होता. मामंजी रागीट असले तरी न्यायी होते. मी एक वाक्य बोलले असते तर भागलं असतं. सासूबाईंनी चार दिवस आदळआपट केली असती, मुलाची आई म्हणून मला कुणी घराबाहेर काढलं नसतं.

मग का नाही बोलले? इतकी वर्षं याच्याच भोवती मी फिरते आहे. ती गेली असती तर पहाटेचं दळण कुणी केलं असतं? सोवळ्यातला स्वयंपाक? बापूला, त्याच्या पाठच्या दोघांना कुणी सांभाळलं असतं? आणि ती पुस्तकं घेऊन भर बाजारातून जाणार, मी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणार — हे मला सहन होत नव्हतं. हे आहे ते. जळत होते मी! ती पोर हसून मला किसू लागली, आणि मी तिला जन्मभराची मोलकरीण करून ठेवली.

ती राहिली. माझी तिन्ही मुलं तिने वाढवली, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं! गेल्या साली गेली. मी मोठ्याने रडले. लोक म्हणाले, किती माया नणंदेवर.

काल घरात भोपळा आला. माझी सून शिकलेली आहे. तिने सरळ विळी ओढली, आणि मी ओरडले, "थांब! बापू येऊ दे." मीच!

ती थांबली. म्हणाली, "का हो? ते आत्याबाईंनी चिरला होता आणि ह्यांना ताप आला होता, म्हणून?"

तेव्हा मी नुसती गप्प राहिले होते. काल तोंड उघडलं.

"हो," म्हणाले.

संध्याकाळी बापूने चीर दिली. सुनेने घारगे केले. मी खाल्ले.