गळ्यातली पाटी

आणीबाणी उठली त्या वर्षी माझी मुलगी अर्नाळ्याच्या शाळेत पहिलीत होती. एका दुपारी ती घरी आली ती गुरुजींनी गळ्यात अडकवलेली पाटी घेऊन. पाटीच्या चौकटीत सुतळी ओवली होती आणि पाटीवर खडूनं एकच मोठं अक्षर काढलं होतं, ढ. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या सगळ्या बायकांसमोरून पोर तशीच चालत आली होती.

"आये," तिनं मला विचारलं, "ह्या कुठला अक्षर हाय?"

आपल्या गळ्यात काय बांधलंय, ते तिला वाचता येत नव्हतं. माझे केस पिकले, तरी हे लिहिताना आजही तसाच राग येतो.

पण खरं सांगायचं तर तो राग मी पहिल्यांदा तिच्यावरच काढला. सुतळी तोडली, पाटी पुसली, क काढून दिला आणि म्हटलं, "गिरव." तिनं काढलेल्या क चं डावीकडचं पोट उजवीकडे गेलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच. हाताशी उलथनं होतं, ते मी तिच्या बोटांवर मारलं. ती रडली नाही. तिनं मुकाट्यानं दुसरा हात पुढे केला. शाळेत तशी सवय लागली होती.

उलथनं मी चुलीमागे फेकून दिलं. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी नंतर कधी आली नाही.

नवरा होडीवरून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो हातपाय धुता धुता म्हणाला, "पोरीला पाटी लागंल ती डोक्यावरची, मासली इकायची. इतका काय मनाला लावून घेतंस गो?" माझी सातवी झाली होती. पुढचं शिक्षण लग्नानं बंद केलं होतं. मी त्याचं ताट वाढून समोर आदळलं.

मार्ग पोरीनंच दाखवला. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या होत्या, ओटीवर फाटकी जाळी पसरली होती आणि ती बापाशेजारी बसून गाठी मारत होती. न बघता. तोंडानं बडबड चाललेली, नजर बाहेर, आणि बोटं बरोबर जागी जात होती. मी बघतच राहिले. हिच्या बोटांना सगळं कळतं, मग अक्षर डोळ्यांनीच का शिकायचं?

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी भाताच्या खळीनं जाळ्याची दोरी चिकटवली आणि तिचा क केला. सुरुवात करायची तिथे एक चिंचोका चिकटवला. तिला म्हटलं, "डोळे मिट. चिंचोका शोध. आता दोरी जाईल तिकडे बोट ने." दहा वेळा, वीस वेळा. मग किनाऱ्यावरची कोरडी वाळू चाळून परातीत पसरली आणि त्यात तेच अक्षर बोटानं काढायला लावलं. चुकलं की परात हलवायची, झालं. पुसायला थुंकी नको आणि लाजही नको. पाटीवरची पेन्सिल तिच्या चिमटीत ठरत नव्हती, म्हणून तिच्यावर दोऱ्याचे वेढे देऊन ती जाड केली.

एक दिवस नवऱ्यानं जरा जाडसर दोरीचं भेंडोळं माझ्यासमोर ठेवलं. "ही बोटाला चांगली लागंल." एवढंच. मला त्याचाही राग आला. माफीचा एक शब्द जड झाला होता का? पण दोरी मी घेतली. चांगली होती.

गणपतीपर्यंत पोरीनं वहीचं एक अख्खं पान लिहिलं. ओळीत, काना-मात्रा जागच्या जागी. ते पान घेऊन ती उड्या मारत शाळेत गेली आणि परत आली ती हातात त्याचे दोन तुकडे घेऊन.

"गुरुजी म्हनले, आयनी लिवून दिला. खोटारडी म्हनले."

मी मासळी साफ करत होते. तशीच उठले, हात पदराला पुसले आणि तिला घेऊन थेट वर्गात शिरले.

"बाई, वर्ग चालू आहे," गुरुजी म्हणाले.

"चालू राहू दे. तिला फळ्यावर लिहायला सांगा. काय पण सांगा."

गुरुजींनी नाकाला रुमाल लावला. "कमळ लिही."

पोर फळ्यासमोर उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. मुलं हसायला लागली. तिनं हातानं फळा चाचपला, सुरुवातीची जागा धरली आणि लिहिलं. कमळ. सरळ, ठसठशीत.

गुरुजींनी नाकावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, "बरं. बस जागेवर."

"आणि फाडलेलं पान?" मी विचारलं.

"दुसरं लिहील की!"

एवढंच बोलून त्यांनी पाठ फिरवली. मी तिथून निघाले, कारण तिला उद्या त्याच वर्गात बसायचं होतं. 

ती दहावी पास झाली तेव्हा हेच गुरुजी पेढे मागायला घरी आले. ओटीवर बसून चार शेजाऱ्यांसमोर म्हणाले, "हिचं अक्षर पहिलीपासून मोत्यासारखं. पाया आम्ही घातला ना!" नवरा हसला. शेजारी माना डोलवत होते. मी आत निघून गेले आणि चहा टाकला नाही.

चहा मुलीनं केला. कपबशी नीट पुसून, वाकून त्यांच्या हातात दिली, वर पायाही पडली. ते गेल्यावर मी तिला विचारलं, "तुला काहीच आठवत नाही?"

"सगळं आठवतं," ती म्हणाली. "म्हातारे झाले गो आता ते."

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.