भांडायचं तर फ्रेंचमध्ये

पौर्णिमा तायडेंनी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. पोरांना फ्रेंच हवं असायचं ते मार्कांसाठी. बाईंनी काहीही शिकवायला घेतलं, की मागच्या बाकावरून एकच प्रश्न यायचा, "मॅडम, हे पेपरात येईन काय?" बारावीचा निकाल लागला की मार्क राहायचे, भाषा जायची. एकदा भाजीबाजारात पंच्याण्णव मार्कांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बाईंनी मोठ्या हौसेनं तिची ख्यालीखुशाली फ्रेंचमध्ये विचारली. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, तब्येत त बरी हाये ना तुमची?"

रिटायर झाल्यावर बाईंनी फ्रेंच मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी, साईनगरातल्या एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये. नियम एकच. दारातून आत आलं की मराठी बंद, हिंदीही बंद. पहिल्या रविवारी नऊ माणसं आली, "बोंझूर" म्हणाली आणि बसली. मग हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा उरला. वऱ्हाडी माणसं इतका वेळ गप्प बसलेली बाईंनी मयतीलाही पाहिली नव्हती.

बाई हटल्या नाहीत. त्यांनी फ्रेंच गाणी ऐकवली, चित्रं दाखवली. सिनेमा लावला, तेव्हा जानराव झोपले. जानराव म्हणजे रेल्वेचे रिटायर गार्ड, बडनेऱ्याहून स्कूटरनं यायचे. फेब्रुवारीत बाईंनी तिकडच्या रिवाजाप्रमाणे घरून क्रेप करून आणले. जानरावांनी एक खाल्ला, उठून दाराबाहेर गेले, "हे त धिरडं होय," एवढं म्हणाले आणि आत येऊन पुन्हा गप्प बसले.

माणसं गळायला लागली तेव्हा बाईंना पेतांक आठवला. फ्रान्समध्ये गल्लोगल्ली खेळतात तो खेळ. आधी एक लहान लाकडी गोळी टाकायची, मग लोखंडी गोळे फेकायचे. ज्याचा गोळा गोळीच्या जास्त जवळ, तो जिंकला. गोळे बनवून दिले गोपालनं. त्याचं लेथचं वर्कशॉप होतं आणि त्याची मुलगी आचल बाईंचीच विद्यार्थिनी. गोळे घेऊन आला तो खेळ पाहायला थांबला.

बाईंनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर खेळ मांडला. मराठी बंदचा नियम कुंपणापर्यंत लागू, असं जाहीर केलं.

"मले त फ्रेंच येत नाही," गोपाल कुंपणाबाहेरूनच म्हणाला. "मी नुसता फेकतो."

तो फेकायला चांगला निघाला. पण तिसऱ्याच डावात त्याचा आणि जानरावांचा गोळा जवळपास सारख्याच अंतरावर थांबला. जानरावांनी आपल्या गोळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "प्रे." म्हणजे जवळ. गोपालनं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं. मग तो कुंपणाबाहेर गेला आणि तिथून ओरडला, "मॅडम, खोटारड्याले तिकडं काय म्हनतेत?"

"मांतर," बाई म्हणाल्या.

गोपाल आत आला आणि जानरावांना ते म्हणाला. सगळी नोकरी कुणाचा एक शब्द ऐकून न घेता काढलेले जानराव तडक कुंपणाबाहेर गेले. त्यांनाही शब्द हवा होता.

पुढच्या रविवारी दोघंही तयारीनं आले. गोपालनं आचलला पुण्याला फोन करून तिची बारावीची पुस्तकं माळ्यावरून काढली होती. मंडळात बँकेतल्या भावनाला त्यातल्या त्यात बरं फ्रेंच यायचं; ती दोन्ही बाजूंनी भांडायला लागली. पावसाळा संपेपर्यंत मंडळात पंधरा माणसं झाली आणि प्लॉटवरचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊ लागला. पुल्लिंग-स्त्रीलिंगाची पार वाट लागली होती. बाईंनी सुरुवातीला चुका सुधारल्या, पण भर भांडणात ज्याची चूक काढावी त्याला बाई दुसऱ्याच्या पार्टीत गेल्यासारखं वाटायचं. मग त्यांनी ते सोडून दिलं.

एका रविवारी एक माणूस कमी पडला आणि बाईंच्या हातात गोळा आला. आजवर त्या बाजूला उभ्या राहायच्या. त्यांनी फेकला.

"प्रे!" त्या म्हणाल्या.

गोपाल उकिडवा बसला, टेप लावला. "लुआं." लांब.

"प्रे!"

"मांतर, मादाम," गोपाल शांतपणे म्हणाला.

बाईंच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी पदर खोचला आणि त्याला झाडायला सुरुवात केली. लांब-लांब वाक्यं, तीस वर्षं फक्त फळ्यावर लिहिलेले क्रियापदांचे काळ, कॉलेजात कुणासमोर कधी न काढलेले दोन शब्द. निम्मं कुणाला कळलं नाही, पण थांबवलंही कुणी नाही. गोपालनं सगळं ऐकून घेतलं. मग टेप त्यांच्यापुढे धरून फ्रेंचमध्ये म्हणाला, "तूच मोज."

फ्रेंचमध्येही मोठ्या माणसाला 'तू' म्हणत नाहीत. बाईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी टेप घेतला आणि मोजलं. गोळा लांबच होता.

घरी येऊन त्यांनी वरणाचा कुकर लावला. कणीक मळताना त्यांना गोपालला द्यायला हवं होतं असं एक फार चांगलं उत्तर सुचलं. त्या ते मोठ्यानं म्हणाल्या. मग क्रियापद बदलून पुन्हा एकदा म्हणाल्या.