पागोटं काढलेला म्हातारा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका होतील, पण जे झालं ते तसंच लिहितो.

लेकीनं आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा मी म्हटलं होतं, तिच्या दारात पाय ठेवणार नाही. तीन वर्षं ठेवला नाही. मग एका सकाळी आमच्या गावी, धामणगाव बढ्याला, निरोप आला, की दिवस भरायच्या आधीच तिला बुलढाण्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. बायको म्हणाली, "ते काही तिचं दार नाही, दवाखान्याचं हाय. चला." धुतलेलं पागोटं बांधून निघालो. पण एसटीत रागानं बायकोपासून दूर बसलो, आणि बाळासाठी घेतलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं वरच्या फळीवर तसंच विसरून उतरलो.

आत जायचं नाही म्हणून व्हरांड्यात बसलो. समोर भिंतीवर मोठी तसबीर होती. अंधारा गोठा, एक बैल, पांढऱ्या कापडावर उघडं तान्हं बाळ, आणि सगळा उजेड त्या बाळाच्याच अंगातून निघालेला. त्या उजेडात एक म्हातारा गुडघे टेकून होता. मळके तळपाय आपल्याकडे, डोक्यावरचं काढून छातीशी धरलेलं. आमच्यात घरचं माणूस गेलं तरच म्हातारा उघड्या डोक्यानं बसतो. मी तर बालाजीपुढेही कधी पागोटं काढलं नव्हतं. बाळंतिणीच्या दवाखान्यात असा फोटो काऊन लावावा?

फरशी पुसणारी बाई म्हणाली, "काय बुवा, फोटोशी भांडून राह्यले का?"

"यातलं लेकरू गेलं का?"

ती हसली. "गेलं नाही बुवा, जलमलं! येशूबाळ हाय ते. तीन-चारशे वर्साचं विलायती चित्र हाय म्हणे. तो म्हातारा मेंढरं राखणारा. देवाले द्याले काही नव्हतं त्याच्यापाशी, म्हणून डोक्यावरचं तरी काढलं."

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. नातू झाला होता, पण इवलासा, आणि अंग गार. गुंडाळून आईच्या छातीशी ठेवायला घरचं जुनं, मऊ, सुती कापड हवं होतं; नवं टोचतं. बायकोनं गाठोडं शोधलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आता काय, धोतर सोडता?"

मी तसबिरीकडे पाहिलं. कोणी माझा हात धरला असं मी म्हणणार नाही. पण हात वर गेला, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं पागोटं पेचापेचानं खाली आलं.

दुपार कलली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, बाळाच्या अंगात ऊब आली, या बघायला. मी उंबरा ओलांडला. लेकीनं माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, टक्कल पडलं तुमाले!"

"हाव. तुह्याच पायी."

ती हसता हसता रडली. मी नाही. म्हणजे, थोडंसं.

बाळ दवाखान्यातल्या लोकांच्या हातगुणानं वाचलं, हे मला कळतं. पण गाठोडं विसरलं नसतं, तर मी व्हरांड्यातूनच परत आलो असतो. ही कृपा बालाजीची की त्या गोठ्यातल्या बाळाची, हे विचारायची माझी लायकी नाही. दोघांचेही उपकार मानतो. मी माझा हट्ट घट्ट धरून बसलो होतो, तोवर देवाला माझ्यासाठी काही करताच येत नव्हतं.

यंदा देऊळगाव राजाला बालाजीपुढे पागोटं काखेत धरून उभा राहिलो. पुजाऱ्यांनी हळूच विचारलं, "घरातलं कोणी गेलं का, बुवा?"

"नाही महाराज," मी म्हटलं, "आलं."