काचेसारखं पिल्लू आणि माझे फवारणीचे कपडे

आज पुण्यात धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेत गेलो व्हतो. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली माशाचं दोन दिवसांचं पिल्लू दाखवलं. अंग काचेसारखं, आत रक्त पळताना दिसतंय! केसाहून बारीक शिरा पार पाठीपर्यंत चढलेल्या. एवढ्याशा जिवात केवढा कारभार, राव! मी बघतच राहिलो.

दुसऱ्या बशीतल्या पाण्यात तपासणीसाठी फवारणीच्या औषधातलं एक रसायन घातलं व्हतं. तिथल्या पिल्लाच्या शिरा अर्ध्यातच थांबलेल्या.

"माणसातबी असंच व्हतं?" मी विचारलं.

"लगेच सांगता येत नाही, दादा. म्हणून तर तपासतो."

एसटीनं आळेफाट्याला उतरून घरी आलो. बायकोला पाचवा महिना. ती माझे टोमॅटोच्या फवारणीचे कपडे धुवायला बसलेली. मी बादलीच ओढून घेतली.

"अवो, झालं काय?"

मी तिला आधी हात धुवायला सांगितलं आणि कपडे स्वतःच धुवायला बसलो.

तुमचे फवारणीचे कपडे कोण धुतं?